खाली बसलेली बाई

पांढुर्णा
१३ जुलै २०२५

प्रिय मोनाली,
जय भीम.

फोन लावला की तू "हां मोठी आई, ठीक आहे मोठी आई" म्हणून ठेवून देतेस. बुधवारी तर तू बोलत होती की कुजबुजत होती तेच समजलं नाही. म्हणून हे पत्र. दादाराव कंडक्टरच्या हातानं पाठवून राहिली आहे. पाकीट फाडू नको, चाकूनं हळू उघड. उलटं करून चिकटवलं की तुझं उत्तर त्यातच येते.

तुझ्या आईचा लोधीखेड्याहून फोन होता. उर्मिला म्हणे, "ताई, माझी पोरगी तुझ्या पोराच्या ऑफिसात काय काम करते?" मी सख्खी मोठी बहीण, अन् कुणालची आई, तरी मला उत्तर देता आलं नाही. "कम्प्यूटरचं," म्हणाली मी. "कम्प्यूटरचं म्हणजे?"

मागच्या रविवारी सौंसरला मयतीला आली होती, तेव्हा डबा घेऊन तुमच्या ऑफिसात चढली. पायऱ्यांवर बारा जोड चपला. भर दुपारी खिडक्यांच्या काचांना आतून काळा कागद. ती रश्मी नावाची पोरगी दार बोटभर उघडून म्हणते, "मावशी, आत नाही." माझ्या पोटच्या पोराचं ऑफिस, अन् मी डबा घेऊन जिन्यात उभी! मागून कुणाल आला, तर त्यानं आधी जवळच्या कम्प्यूटरवर टॉवेल टाकला, मग मला "ये आई" म्हटलं. घरात कोणी आजारी माणसाचं अंग झाकावं तसा टाकला.

विहाराच्या वर्गणीचा हिशोब माझ्याकडे आहे. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मी जेवत नाही. तुमच्या ऑफिसाच्या दोन्ही बाजू जुळत नाहीत. काम सांगत नाहीत अन् पगार वेळेवर होते, असं काम मी तरी चांगलं पाहिलं नाही. टीव्हीवर रोज दाखवतात, लहान गावातल्या खोल्यांतून पोरं-पोरी फोन करतात, मी बँकेतून बोलतो, मी पोलीस बोलतो, अन् लोकांचं खातं साफ करतात. तसलं काही आहे काय? मला खरं लिही. तुला मी दसवीपर्यंत माझ्या घरी ठेवलं, तेवढा माझा हक्क आहे.

तुझी,
मोठी आई


सौंसर
२० जुलै

प्रिय मोठी आई,
जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. आम्ही कोणाला फोन करत नाही. कोणाचं खातं आमच्याजवळ नाही. बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी राहून सांगते.

फोनवर बोलत नाही कारण आमच्या मोबाईलमध्ये कंपनीनं एक ॲप टाकून दिलं आहे. ते काय ऐकते, काय पाहते, कोणालाच माहीत नाही. ड्युटीवर तर मोबाईल पेटीत ठेवावा लागते. रुजू होताना सही केली की कामाबद्दल घरीसुद्धा बोलायचं नाही.

एवढंच सांगते की म्हाताऱ्या माणसांचं काम आहे. त्यांची काळजी घ्यायची. पुण्याचं काम आहे समज. कुणालदादाला काही विचारू नको, तो मला रागावेल. मोठे बाबांना नमस्कार.

तुझी,
मोनाली


पांढुर्णा
२७ जुलै

प्रिय मोनाली,

म्हाताऱ्या माणसांचं काम, अन् ऑफिसात एक म्हातारं माणूस नाही. आता मला जास्तच भीती वाटून राहिली.

कुणाल शनिवारी घरी आला होता. तुझं नाव न काढता मी विचारलं. तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आई, सगळं मशीन करते. आम्ही फक्त मशीनच्या बाजूला बसतो."

"मशीन करते तर बारा पोरी काहून पाहिजे?"

तुझे मोठे बाबा मध्येच बोलले, "नगरपालिकेत एका मोटारपंपावर आम्ही चौघं होतो. त्यात काय एवढं?" त्यांना वाटलं फार मोठा विनोद केला. कुणालही हसला, अन् त्यानं पाणी मागितलं. मी त्याची आई आहे. तो खोटं बोलतो तेव्हा पाणी मागते, लहानपणापासून. दोन गिलास प्याला.

तू सही केली म्हणतेस. कोणत्या भाषेत होतं ते? वाचलं होतं काय? घरी बोलायचं नाही अशी अट चांगल्या कामाला लागत नाही बाई. मी विहारात स्वयंपाक करते तर साऱ्या वस्तीला माहीत असते भाजीत काय टाकलं.

उर्मिलाला मी अजून काही सांगितलं नाही. पण तू लिहिलं नाहीस तर पुढच्या रविवारी मी स्वतः येते, अन् ह्या वेळी जिन्यात थांबणार नाही.

मोठी आई


सौंसर
३ ऑगस्ट

प्रिय मोठी आई,

येऊ नको. लिहिते. वाचून झालं की चुलीत टाक.

दूर एक थंड देश आहे. तिथं म्हातारी माणसं एकटी राहतात, लेकरं दुसऱ्या शहरात. लेकरांनी आईबापाच्या स्वयंपाकघरात एक कॅमेरा लावून घेतला आहे. कंपनीनं त्यांना सांगितलं की हे मशीन हुशार आहे, कोणी पडलं तर स्वतःच ओळखते अन् तुम्हाला फोन लावते, कोणी माणूस तुमचं घर पाहत नाही. पण मशीन तेवढं हुशार नाही. खुर्चीवरून मांजरानं उडी मारली तरी त्याला शंका येते. शंका आली की ते आम्हाला चित्र पाठवते. चेहऱ्यावर धुकं टाकलेलं असते, बाकी सगळं दिसते. आवाज नसते. खाली दोन बटनं. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे पडली. लाल दाबलं की लेकराच्या फोनवर घंटी जाते, अन् मदत येईपर्यंत चित्र चालू राहते. त्यांना वाटते मशीननं केलं.

त्या कंपनीनं काम दुसऱ्या कंपनीला दिलं, तिनं नागपूरच्या साहेबाला, साहेबानं कुणालदादाला. वरच्या लोकांना आम्ही सौंसरला आहोत हेही माहीत नाही. कागदावर आम्ही नागपूरच्या मोठ्या ऑफिसात बसतो. म्हणून काळ्या काचा.

शिकवणं एका दिवसाचं झालं. दादानं हिंदीत सांगितलं, "जमीन पर लेटा हुआ दिखे तो लाल, बाकी हरा." खोटं लाल दाबलं तर तिथली ॲम्बुलन्स उगीच धावते, तिचा भुर्दंड कंपनीला, कंपनी नागपूरवर ओरडते, नागपूर दादावर, अन् दादा आमच्यावर. म्हणून लाल दाबायच्या आधी दहादा विचार करते.

माझ्याकडे एक आजी आहे. नाव माहीत नाही, पिवळ्या पडद्याचं स्वयंपाकघर आहे तिचं. खिडकीतल्या कुंडीशी बोलते. चहा उभ्यानं पिते. हाताला लागलेलं पीठ झटकते ते अगदी तुझ्यासारखं. मोठी आई, मी कोणाचं वाईट करत नाही. मी तिच्यावर लक्ष ठेवते.

मोनाली


पांढुर्णा
१० ऑगस्ट

प्रिय मोनाली,

पत्र चुलीत टाकलं नाही. आपल्याकडे आता गॅस आहे, अन् कोरी पाठ वाया जाते. पण कोणाला दिसणार नाही अशा जागी आहे.

त्या बाईनं तुला तिच्या स्वयंपाकघरात बोलावलं होतं काय? रोज सकाळी पंचशीलात आपण म्हणतो, न दिलेलं घेणार नाही. मला वाटे ते चोरापुरतं आहे. तुझं पत्र वाचल्यापासून वाटून राहिलं की कोणाचं एकटं बसणं, पीठ झटकणं, कुंडीशी बोलणं, हेही तिनं दिल्याशिवाय घेऊ नये. ती मशीन समजून बोलत असेल, अन् इकडे सौंसरच्या पोरी पाहून राहिल्या. माझ्या स्वयंपाकघरात कोणी असं पाहिलं तर मी लाटणं घेईन.

ह्या धंद्यात कुणालच्या वर तीन थर आहेत अन् प्रत्येक थर खालच्याला झाकते. मला हे नीट दिसत नाही. काही झालं तर वरचा म्हणेल खालच्याला विचारा. सगळ्यात खाली कोण आहे, ते तू पाहून घे.

पण आता बसलीच आहेस तर मन लावून पाहा. अन् एक सांग, ती खाते काय? एकटं माणूस चहावर दिवस काढते.

पुढं पोळा अन् दुसऱ्या दिवशी गोटमार. दगडफेकीपायी जाम नदीकडचे रस्ते बंद राहतील, दादारावची गाडी बाहेरूनच फिरेल. त्या दोन दिवसांत पत्र आलं नाही तर घाबरू नको.

मोठी आई


सौंसर
२७ ऑगस्ट

मोठी आई,

काही दिवस पत्र लिहू नको. मी लोधीखेड्याला आईकडे जाते. ऑफिसातून सुट्टी दिली. ताप आहे. दादाला काही विचारू नको.

मोनाली


पांढुर्णा
३१ ऑगस्ट

मोनाली,

हे पत्र लोधीखेड्याच्या पत्त्यावर पोस्टानं टाकून राहिली. उर्मिला म्हणते तुला ताप नाही. तू जेवत नाहीस अन् भिंतीकडे तोंड करून झोपतेस.

कुणाल काल आला. हातात एक कागद. म्हणे, "आई, मोनाली तुझं ऐकते. तिला ह्यावर सही करायला सांग. गोटमारीच्या दिवशी तिच्या हातून मोठं नुकसान झालं, नागपूरवाले मागे लागले आहेत." कागद इंग्रजीत. मी शब्द जुळवत वाचला. मला सर्व शिकवण्यात आलं होतं, मला समजलं होतं, तरी मी हलगर्जी केली, असा मजकूर आहे. तारीख जूनची टाकली आहे. ऑगस्टच्या चुकीची कबुली जूनमध्ये कशी असते, ते मी विचारलं. त्यानं पाणी मागितलं.

माझा त्याच्यावर संशय आहे, पण आज तुझ्यावरही आहे. गोटमारीच्या दिवशी सौंसरच्या पोरीही मोबाईलवर दगडफेक पाहत बसतात, मला माहीत आहे. पेटीतून मोबाईल काढला होतास काय? डोळा लागला होता काय? त्या आजीचं काही झालं काय? मी लिहिलं होतं, मन लावून पाहा. एवढं एक काम होतं.

खरं काय ते लिही. मग कागदाचं पाहू.

मोठी आई


लोधीखेडा
४ सप्टेंबर

मोठी आई,

मोबाईल पेटीतच होता. मी जागी होते. मी पाहत होते. तेच तर आहे.

गोटमारीच्या दिवशी दुपारी पिवळ्या पडद्याचं चित्र आलं. आजी खाली बसली होती. कपाटाला पाठ टेकून, दोन्ही पाय समोर पसरून, एक हात मांडीवर. बाजूला एक टोपली अन् शेंगा पसरलेल्या. तू अंबाडी निवडायला बसतेस तशी. मी तिला कधीच खाली बसलेली पाहिली नव्हती. मला वाटलं, चला, आज आजी निवांत बसली. मला बरं वाटलं, मोठी आई! मी हसत हसत हिरवं दाबलं.

थोड्या वेळानं मशीननं पुन्हा विचारलं. ती तशीच. शेंगा निवडायला वेळ लागतेच. पुन्हा हिरवं. दोनदा हिरवं आलं की मशीन त्या दिवशी गप्प बसते, असा नियम आहे. माझी ड्युटी संपली, मी खोलीवर जाऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सकाळी सगळ्या घरांचं एक एक चित्र येते. त्या दिवशी माझ्या जागी रश्मी होती. आजी तिथंच होती. मान एका बाजूला. रश्मीनं लाल दाबलं. लोक आले, चादर आणली, अन् कोणीतरी कॅमेऱ्याची तार काढली.

दादानं नंतर कंपनीनं पाठवलेला शिकवणीचा व्हिडिओ लावला, तेव्हा आम्हाला समजलं. तिथं कोणी खाली बसत नाही. खुर्ची, ओटा, पलंग, बस. म्हातारं माणूस जमिनीवर दिसलं म्हणजे ते पडलं, कसंही दिसो. तिचं कंबरेचं हाड गेलं असेल. उठता आलं नाही म्हणून कपाटाला टेकली. एक रात्र तशी बसून होती ती, अन् मी तिला निवांत समजत होते.

ती आहे की गेली, मी रोज विचारते. दादानं नागपूरला विचारलं. नागपूर म्हणे, विचारायचं नाही. तिच्या मुलीला वरच्या कंपनीनं कळवलं की मशीनमध्ये बिघाड झाला होता. म्हणजे मी नाहीच तिथं. फक्त ह्या कागदावर आहे.

सही करून टाकते. माझंच चुकलं ना शेवटी? हात तर माझाच होता.

मोनाली


पांढुर्णा
८ सप्टेंबर

मोनाली,

सही करशील तर माझं तोंड पाहू नको. आधी हे वाक्य वाच, मग पुढचं.

मागच्या पत्रात तुला टाकून बोलली. ते मी मागं घेते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एकटीच होती. दोनदा वाचलं. मग मी स्वयंपाकघरात खाली बसली. कपाटाला टेकून, पाय पसरून, एक हात मांडीवर, बाजूला शेंगांची टोपली कलंडून दिली. तू लिहिलं तसं. म्हटलं, पाहू तर खरं.

तुझे मोठे बाबा आले. "चहा मांडते काय?" मी काही बोलली नाही. ते बाहेर गेले. पुन्हा आले, टोपलीला पाय लागला तर म्हणतात, "पसारा किती करून ठेवते ही बाई." गेले. बेचाळीस वर्षांचा संसार आमचा!

मग कुणाल आला. त्याला मीच बोलावून घेतलं होतं, कागदाचं बोलायला. दारातून म्हणाला, "आई, भाजी काय केली?" अन् माझ्या पसरलेल्या पायांवरून उडी मारून माठाकडे गेला. पाणी प्याला. मी हलली नाही. तो गिलास पालथा ठेवून परत माझ्या पायांवरून गेला.

"कुणाल," मी म्हटलं. "हिरवं का लाल?"

"काय?"

"मी बसली की पडली?"

तो हसला. "तू तर रोजच बसते, आई." अन् मग त्याचं हसणं अर्ध्यात राहिलं. दाराची चौकट धरून उभा राहिला.

"पडली असती तरी तू माझ्यावरून उडी मारून पाणीच प्याला असता," मी म्हटलं. "पोटचा पोरगा तू. अन् मोनालीनं तर त्या बाईला कधी समोर पाहिलंसुद्धा नाही."

तो खाली बसला, माझ्या बाजूलाच. "आई, तुला समजत नाही. मी लिहून दिलं आहे की सगळ्या पोरींना तिथल्या राहणीचं शिक्षण झालं म्हणून."

"झालं काय?"

"एक व्हिडिओ आला होता. फार लांब होता. मी पुढं ढकलत ढकलत पाहिला."

"मग लिहून काहून दिलं?"

"सगळेच देतात. मी नागपूरला दिलं, नागपूरनं वर दिलं, त्यांनी त्यांच्या वर दिलं. खरं सांगायला गेलो तर उद्या काम दुसरीकडे जाते. छिंदवाड्याचा एक जण टपून आहे. बारा पोरी घरी बसतील. त्यांच्या घरच्यांना तू जाऊन सांगशील काय?"

रश्मीच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाही, मला माहीत आहे. मी थोडा वेळ शेंगा गोळा करत राहिली. मग म्हटलं, "मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हे तू लहानपणी सगळ्यात मोठ्यानं म्हणत होतास. विहारात भन्तेजी तुला पुढं बसवत. खोटं तुम्ही चौघांनी मिळून बोललं, अन् त्याच्यावर सही एकट्या पोरीची. हे नाही होणार. मी उर्मिलाला काय तोंड दाखवू?"

तो उठला. कागद उचलला. फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. म्हणून तुला सांगते, तो माझा पोरगा आहे, तरी माझा अजून भरवसा बसत नाही. तो गोड बोलून बोलवेल. एकटी जाऊ नको. जेव.

मोठी आई


सौंसर
१७ सप्टेंबर

प्रिय मोठी आई,
जय भीम.

दादानं बोलावलं. मला वाटलं सहीसाठीच. आईला सोबत घेऊन गेले. आईलाही जिन्यातच थांबवलं.

पण त्यानं कागद काढला नाही. माझ्या जुन्या जागेवर बसवलं अन् म्हणाला, "पिवळा पडदा परत चालू झाला आहे. तुलाच ओळखू येईल, म्हणून बोलावलं."

स्वयंपाकघर रिकामं होतं. कुंडी वाळलेली. टेबलावर खोकी, भांडी कागदात गुंडाळून ठेवलेली. मग एक बाई आली, चाळीस-पन्नासची, चेहऱ्यावर तेच धुकं. तिनं एक खोकं भरलं. मग थांबली. अन् बरोब्बर त्या जागी, कपाटाला टेकून, खाली बसली. पाय पसरले. दोन्ही तळहात फरशीवर ठेवले, फरशी किती थंड आहे ते पाहत असल्यासारखे. तिची मुलगीच असेल.

मशीननं विचारलं. हिरवं का लाल.

रश्मी म्हणाली, "ती बसली आहे ग, पडली नाही. हिरवं दाब. खोटं लाल गेलं तर सगळ्यांचं काम जाते." दादा मागे उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

मी लाल दाबलं.

तिच्या बाजूला फोन पडला होता, तो उजळला. तिनं उचलला, वाचला. स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग हळूहळू मान वर केली अन् सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. मोठी आई, इतक्या दिवसांत आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. चेहरा दिसत नव्हता पण मी खुर्चीत मागे सरकले. ती काहीतरी बोलली. आवाज नाही. पुन्हा बोलली. हात वर करून विचारल्यासारखा केला.

"दादा, काय सांगू?"

लाल दाबलं की घरच्यांना एक रिपोर्ट जाते, त्यात मशीन आपोआप दोन ओळी लिहिते. त्या खोडून दुसरं लिहिता येते, आजपर्यंत कोणी लिहिलं नव्हतं. दादानं मला बाजूला सारलं अन् स्वतः लिहिलं. त्याची इंग्रजी तुला माहीतच आहे. मराठीत सांगायचं तर: इथं मशीन नाही, माणसं आहेत, भारतात. तुमची आई बसली होती, आम्हाला वाटलं ती ठीक आहे. आमच्याकडे सगळे खाली बसतात. मी पोरींना शिकवलं नाही. चूक माझी. खाली नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांचं नावही. मग पाठवायच्या बटनावर बोट ठेवून बराच वेळ थांबला. मला वाटलं खोडणार. पाठवलं.

तिनं वाचलं. तोंडावर हात ठेवला. मग उठली, कॅमेऱ्याजवळ आली, इतकी जवळ की फक्त धुकंच दिसत होतं. अन् मग काळं झालं.

रश्मी माझ्याशी बोलत नाही. तिचंही बरोबर आहे.

मोनाली


पांढुर्णा
५ ऑक्टोबर

प्रिय मोनाली,
जय भीम.

तुमच्या ऑफिसाला कुलूप लागलं हे तुला समजलंच असेल. नागपूरवाल्या साहेबाची माणसं येऊन कम्प्यूटर घेऊन गेली. कुणालवर वकिलाची नोटीस आहे, गुप्त गोष्ट फोडली म्हणून. तो घरीच आहे. तुझ्या नावाचा कागद त्यानं माझ्या हातात आणून दिला, तुझ्या सहीशिवायचा. कोरी पाठ असूनसुद्धा मी तो ठेवला नाही, फाडला.

रश्मीच्या घरी मी गेली होती. तिच्या आईनं चहा दिला पण बसा म्हटलं नाही. मी बसली. तिच्यासाठी इथल्या कापड दुकानात बिलाचं काम पाहून राहिली आहे. होईल असं वाटते, पण शब्द देत नाही.

काम कुठं गेलं ते कुणालला समजलं नाही. छिंदवाड्याचा माणूस म्हणते त्याच्याकडे आलं नाही. कुठंतरी गेलंच आहे. अशाच कुठल्या तरी गावात पोरी बसल्या असतील, अन् त्याही घरी खालीच बसून भाजी निवडत असतील. बाकी काही नाही, निदान नव्या पोरींना एवढं एक सांगा, हे म्हणायला कुणालनं नागपूरला दोनदा फोन लावला. ते फोन उचलत नाहीत.

त्या बाईकडून काही उत्तर आलं नाही. उत्तर कुठं येणार, आपला पत्ता तिला कोणी दिला? भांडी बांधून ठेवली होती असं तू लिहिलंस, त्यावरून मी काय समजायचं ते समजली. पण घर बदलताना, आईला आपल्याजवळ नेतानाही माणूस भांडी बांधते. दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. जुळत नाही.

काल विहारात वंदना झाल्यावर मी थांबली. भन्तेजींना म्हटलं, एका बाईसाठी पाठ करायचा आहे.

"नाव?"

"माहीत नाही, भन्ते."

"आहेत की गेल्या? दोन्हीचे पाठ वेगळे असतात, बाई."

"सांगत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही म्हटले.

तुझी,
मोठी आई